आजार आहे तसा सांगावा

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने स्तनाच्या कर्करोगाविषयी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला दरवर्षी धम्मावर, बाबासाहेबांच्या चळवळीवर, पोरांच्या शिक्षणावर भाषणे होतात. यंदा महिला मंडळाला वेळ मिळाला तेव्हा आम्ही ठरवले, की बायकांच्या छातीतल्या गाठीवर बोलायचे. समितीतल्या एक-दोघांनी विचारले, "विहारात हा विषय बरा दिसेल का?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण घरात हा विषय निघत नाही, शाळेत निघत नाही. विहारातही नाही काढायचा, तर मग काढायचा कुठे? म्हणून आम्ही इथेच बोलणार आहोत. पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये, ही नम्र विनंती. हे ऐकण्याची गरज त्यांनाही आहे.

आपल्याच वस्तीत एक मावशी होत्या. नाव सांगत नाही. कापूस वेचून घरी आल्या, अंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला गाठ लागली. बोराएवढी. दुखत नव्हती. त्या एका दवाखान्यात जाऊन आल्या, गोळ्या घेतल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या. आम्हाला कुणाला बोलल्या नाहीत. दर रविवारी वंदनेला आमच्या शेजारी बसत. दहा महिन्यांनी गाठेवरची कातडी फुटली, तेव्हा सुनेला कळले आणि मग आम्हाला. मोठ्या रुग्णालयात नेले तोवर आजार हाडांत उतरला होता. पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर सुनेने त्यांची पेटी आवरली. तिच्यात एक प्लॅस्टिकची पिशवी निघाली. पिशवीत पहिल्या दवाखान्याची चिठ्ठी होती. गोळ्यांच्या नावाखाली इंग्रजीत एक ओळ लिहिलेली होती. तिचा अर्थ असा, की सोनोग्राफी करून घ्यावी आणि पुन्हा दाखवावे. ती ओळ मावशींना कुणी वाचून दाखवली नव्हती. आमच्यात बारावी झालेल्या आहेत, बी.ए. झालेल्या आहेत. एकीने डी.एड. केले आहे. ती चिठ्ठी आमच्या घरांपासून पन्नास पावलांवर दहा महिने पडून होती.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले ते कशासाठी? हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनातून गेलेला नाही. आजचे हे बोलणे त्यातूनच आले आहे.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होता आणि स्वतःच्याच घाणीत पडून होता. बाकीचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. तथागत आनंदाला घेऊन तिथे गेले. दोघांनी मिळून त्याला पाण्याने धुतले, उचलून खाटेवर ठेवले. हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकलेला आहे. पण त्याच्या पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. तथागतांनी तिथे आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला कोणते गुण लागतात ते सांगितले, तसेच आजाऱ्याच्या अंगीही कोणते गुण असावेत ते सांगितले. पथ्य काय ते पाळावे, औषध घ्यावे, आणि आपला आजार सेवा करणाऱ्याला आहे तसा सांगावा. वाढत असेल तर वाढतोय म्हणून सांगावा, कमी होत असेल तर कमी, आणि तसाच असेल तर तसाच आहे म्हणून सांगावा.

म्हणजे आजार न लपवणे हा आजाऱ्याचा गुण आहे, असे अडीच हजार वर्षांपूर्वीची शिकवण सांगते. आणि आपण काय समजतो? जी बाई सोसते, बोलत नाही, ती गुणाची! हे आपण कुठून शिकलो ते प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. धम्मातून तर नक्कीच नाही.

लाजेचेही तसेच आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच वेळी बाबासाहेबांनी बायकांशी वेगळे बोलून लुगडे नेसण्याची जुनी रीत आणि अंगावरचे ते जड दागिने सोडून द्यायला सांगितले. खालची जात दुरून ओळखू यावी म्हणून लादलेल्या त्या खुणा होत्या. बायकांनी दुसऱ्या दिवसापासून नेसण्याची तऱ्हा बदलली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांची लाज एका रात्रीत उतरवून टाकली, त्यांच्या आपण नाती-पणती. डॉक्टरणीला छाती दाखवायला आपण लाजावे, हे काही बरोबर नाही.

आता मूळ विषयाकडे वळू.

स्तनात दूध बनवणाऱ्या गाठी असतात आणि ते वाहून आणणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांतल्या काही पेशी बिघडतात आणि आवर न राहता वाढू लागतात. त्याला स्तनाचा कर्करोग म्हणतात. भारतातल्या बायकांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे. २०२२ या एका वर्षात देशात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना तो झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या, असा जागतिक पातळीवरच्या कर्करोग नोंदींचा हिशोब आहे. लवकर सापडला आणि उपचार पुरा झाला तर बहुतेक बायका यातून बऱ्या होतात. तरी आपल्याकडे एवढ्या जातात, याचे मोठे कारण उशीर हे आहे.

हा कुणाला होतो? पहिले उत्तर असे, की कोणत्याही बाईला होऊ शकतो. वय वाढते तसा धोका वाढतो. पाळी फार लहान वयात सुरू झाली असेल, फार उशिरा गेली असेल, मूल झाले नसेल किंवा पहिले मूल तिशीनंतर झाले असेल, तर धोका थोडा जास्त असतो. पाळी गेल्यावर वजन फार वाढले तरी तो वाढतो. दारूनेही वाढतो. अंगावर पाजल्याने तो कमी होतो. ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली हिशोब मांडला गेला. त्यात असे दिसले, की पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे धोका चार टक्क्यांहून थोडा अधिक कमी होतो. पण बायांनो, कमी होतो म्हणजे जातो असे नाही. "मी चार लेकरं पाजली, मला कशाचा कॅन्सर होतो?" असे म्हणून निर्धास्त राहू नका. आमच्या मावशींनीही चार लेकरे पाजली होती.

काही घराण्यांत हा आजार रक्तातून येतो. असे रोगी शंभरात पाच ते दहा असतात. आई, बहीण, मावशी यांच्याबरोबर वडिलांकडच्या आत्याला, आजीला झाला होता का, तेही पाहावे लागते. घरात कुणाला कमी वयात झाला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा आणि आपली तपासणी कधीपासून करावी ते विचारा. उरलेल्या बहुसंख्य बायकांच्या घराण्यात तो कुणालाच झालेला नसतो. म्हणून "आमच्या घरात कुणाला नाही" ही काही हमी नव्हे.

तो कुणाच्या पापाने होत नाही, नजर लागून होत नाही, मार लागून होत नाही, आणि एका ताटात जेवल्याने तर मुळीच होत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात अंगारा लावून दिवस घालवलेले आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे बोलावे लागते. आणखी एक. हा आजार पुरुषांनाही होतो. प्रमाण फार कमी आहे, शंभरात जेमतेम एक. पण छातीत गाठ लागली तर पुरुषांनीही दाखवावी.

आता खुणा सांगतो, नीट ऐका. स्तनात किंवा काखेत गाठ. स्तनावरच्या कातडीला खळी पडणे, ती आत ओढली जाणे. कातडी मोसंबीच्या सालीसारखी जाड आणि छिद्राछिद्रांची दिसणे. जालना जिल्ह्यात मोसंबीची साल कशी असते हे कुणाला सांगायला नको. स्तनाग्र, आपण बोंड म्हणतो ते, नव्याने आत जाणे. त्यातून रक्त किंवा रक्तासारखे पाणी येणे. त्यावर चट्टा येऊन तो बरा न होणे. एका बाजूचा आकार बदलणे.

यात दुखणे हा शब्द आला नाही, हे ध्यानात घ्या. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आपल्याकडे मात्र दुखल्याशिवाय दवाखाना नाही. "आगं माय, दुखत नाही, खुपत नाही, कशाला दाखवू?" मावशी डॉक्टरांकडे पुन्हा गेल्या नाहीत त्या याच हिशोबाने. आम्ही सांगतो ते उलटे आहे. गाठ दुखत नाही, म्हणूनच आधी दाखवा. आणि दाखवायला घाबरू नका, कारण बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण पोरींच्या तर बहुधा साध्याच असतात. पण साधी कोणती आणि वाईट कोणती हे हाताला कळत नाही, तपासणीला कळते.

महिन्यातून एकदा, पाळी येऊन गेल्यावर, अंघोळीच्या वेळी दोन्ही स्तन आणि काखा बोटांच्या सपाट भागाने चाचपून बघाव्यात, आरशात बघावे. आपले अंग नेहमी कसे असते ते माहीत असले की बदल लवकर कळतो. मात्र तेवढ्यावर भागत नाही. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार बायकांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्या बायकांना स्वतःची तपासणी शिकवली. २००२ साली निकाल आला, तेव्हा नुसते शिकवल्याने मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. म्हणून आपला हात हवा आणि त्याच्या जोडीला जाणता हातही हवा.

जाणत्या हाताने काय होते, ते आपल्याच महाराष्ट्रात मोजले गेले आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू केले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका त्यात होत्या. आपल्यासारख्याच कष्टाच्या घरातल्या बायका. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी आरोग्य सेविकांनी हाताने स्तनांची तपासणी केली, असे चार वेळा. त्या डॉक्टर नव्हत्या, या कामासाठी शिकवून तयार केलेल्या सेविका होत्या. यंत्र नाही, काही नाही. वीस वर्षे त्या बायकांचा मागोवा घेतला गेला आणि २०२१ साली निकाल छापला गेला. तपासणी झालेल्या वस्त्यांत ज्यांना कर्करोग निघाला, त्यांत पुढच्या टप्प्याचा शंभरात ३७ जणींना होता. तपासणी न झालेल्या वस्त्यांत तो ४७ जणींना होता. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी पन्नाशीच्या आपल्या आया, सासवा, मावश्या यांना एका शिकलेल्या सेविकेचा हात वाचवू शकतो, ही काही लहान गोष्ट नाही.

हीच तपासणी आपल्यालाही मिळायची आहे. केंद्र सरकारने २०१६ साली ठरवून दिलेल्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी स्तनांची तपासणी आहे. तोंडाची आणि गर्भाशयाच्या मुखाचीही आहे. मिश्री लावणाऱ्या आज्यांनी तोंडाचीही करून घ्यावी. ही तपासणी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे. त्याआधी आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरते. स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्त येते का, आकारात बदल झाला का, असे प्रश्न त्यात असतात. आता होते काय, की आशाताई दारात उभी, ओट्यावर सासरे बसलेले, बाजूला दीर. बाई तिथून म्हणते, "न्हाई, न्हाई, काही न्हाई." फॉर्म पूर्ण झाला आणि गाठ आत राहिली. आशाताईंना आमची विनंती आहे, की हे प्रश्न बाईला घरात नेऊन विचारा. आणि ओट्यावरच्या मंडळींना विनंती, की आशाताई आली की जरा पारावर जाऊन बसा.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. तो चाळिशीच्या पुढे जास्त उपयोगी पडतो. तरुण बाईच्या स्तनात तो नीट दिसत नाही, तिथे सोनोग्राफी करतात. खेड्यातल्या सगळ्या बायकांची सरसकट मॅमोग्राफी आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. पण हाताला गाठ लागली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ती करून घ्यायलाच हवी. मग सुईने गाठेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्याला बायोप्सी म्हणतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही समजूत गावोगाव आहे. ती खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय कर्करोग आहे की नाही हे पक्के सांगता येत नाही. त्यात वर्ष गमावण्यापेक्षा सुई टोचून घेतलेली बरी.

आता सर्वांत महत्त्वाचे, दवाखान्यात आपण कसे वागायचे. डॉक्टरांविषयी आम्हाला आदर आहे. पण आदर म्हणजे मुकाट बसणे नव्हे. बाबासाहेबांचा माणूस प्रश्न विचारतो, नम्रपणे विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारतो.

एकटीने जाऊ नका, सोबत एक बाई न्या. पुरुष डॉक्टर तपासत असतील तेव्हा बाई हजर असणे हा आपला हक्क आहे. गाठ कधी लागली, तेव्हा केवढी होती, आता केवढी आहे, हे आहे तसे सांगा. बोराएवढी होती, आता लिंबाएवढी आहे, असे सांगितले तरी चालते. मग विचारा: ही कसली गाठ वाटते? कोणती तपासणी करायची? कुठे होईल? निकाल कधी मिळेल? "काही नाही, गोळ्या घ्या" असे उत्तर आले तर विचारा, की इतक्या दिवसांत गाठ गेली नाही तर मी पुन्हा कधी येऊ? ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि उठण्याआधी म्हणा, "साहेब, चिठ्ठीत काय लिहिलंय ते एकदा मराठीत सांगा." या एका वाक्याला पैसा लागत नाही. मावशींच्या चिठ्ठीला हे वाक्य मिळाले नाही.

दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान झाले पाहिजे, असे जागतिक आरोग्य संघटनेने लावून धरले आहे. साठ दिवस म्हणजे दोन पौर्णिमा. पहिली पौर्णिमा गेली आणि काही हलले नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. दुसऱ्याचे मत घेणे हा पहिल्याचा अपमान नाही, तोही आपला हक्क आहे. कागदपत्रांच्या प्रती मिळणे हाही हक्क आहे. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांसाठी रुग्णांच्या हक्कांची सनद २०२१ च्या नियमांत आली आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ साली सर्वत्र गाजले. सर्वेक्षण झाले, तेव्हा ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पोट दुखले की पिशवी काढा, असे सांगितले गेले आणि विचारणारे कुणी नव्हते. म्हणून गाठेच्या बाबतीतही कुणी "आजच काढून टाकू" म्हणाले, तर आधी बायोप्सी झाली का, ते विचारा. काढलेली गाठ तपासायला पाठवणार का, ते विचारा. कर्करोग निघाला तर ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्यांचा निकाल मागा. कोणत्या बाईला गोळीचा उपयोग होईल, कोणत्या बाईला कसले इंजेक्शन लागेल, हे त्यावरून ठरते. सगळा स्तन काढावा लागेल की नुसती गाठ काढून भागेल, हेही विचारा. लवकर सापडल्यास पुष्कळदा स्तन वाचवता येतो.

सगळे कागद एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवा. पेटीच्या तळाला नको, दाराजवळच्या खुंटीला.

पैशांचे काय, हा प्रश्न तुमच्या तोंडावर दिसतोच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक आहे. २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत त्याचा लाभ आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावे जुळतात का, हे आजच बघून ठेवा. त्या एका अक्षरापायी लोकांचे आठवडे जातात. जवळ म्हणाल तर अंबडचे आणि जालन्याचे सरकारी रुग्णालय आहे. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे कर्करोग रुग्णालय आहे. खाली बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. देशातली खेड्यांतल्या कर्करोगाची पहिली नोंदवही १९८७ साली बार्शीलाच सुरू झाली. मुंबईला परळचे टाटा तर १९४१ पासून आहे. तिथे जायची वेळ आली तर रेल्वेच्या भाड्यात कर्करोगाच्या रोग्याला सवलत मिळते, रुग्णालयाचा दाखला लागतो. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. बाबांचे काम त्यांच्यामागेही असे चालू आहे.

आता पुरुष मंडळींशी दोन शब्द. भाऊ, दादा, बैल लंगडला तर तुम्ही त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावता. मग घरातल्या बाईची गाठ "कापूस निघू द्या", "ऊस जाऊ द्या" म्हणून का थांबते? उपचार सहा-आठ महिने चालतो. मध्येच मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर गेले की केमोच्या तारखा चुकतात आणि अर्धा उपचार वाया जातो. ज्या घरात उपचार चालू आहे त्या घरातल्या बाईने त्या हंगामात कारखान्यावर जाऊ नये, आणि तिच्या घरची चूल पेटती ठेवणे हे आपल्या सर्वांचे काम आहे. केस जातात, ते परत येतात. एक स्तन गेला म्हणून बाई अर्धी होत नाही. जे भिक्खू त्या आजाऱ्याकडे बघत नव्हते, त्यांचे कारण आठवा. तो उपयोगाचा नव्हता! आपल्या घरात हे वाक्य कुणाच्या मनातही येऊ नये.

शेवटी आमचे मागणे. आम्हाला समितीकडून पैसे नकोत. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास विहाराची मागची खोली बायकांसाठी मोकळी ठेवावी. तिथे आमच्यातल्या दोघी शिकलेल्या बायका बसतील. ज्या बाईजवळ दवाखान्याची चिठ्ठी असेल तिने ती घेऊन यावे, आम्ही वाचून दाखवू. औषध आम्ही सांगणार नाही, तो आमचा अधिकार नाही. चिठ्ठीत काय लिहिले आहे आणि पुढे कधी जायचे, एवढेच सांगू. जिला सोबत हवी असेल तिच्याबरोबर एक बाई दवाखान्यात जाईल. नावाची वही ठेवणार नाही, आणि खोलीतली गोष्ट खोलीबाहेर जाणार नाही. वर्षातून एकदा, वर्षावासात, उपकेंद्राच्या ताईंना विहारात बोलावून तीस वर्षांवरच्या सर्व बायकांची तपासणी करून घेऊ. पहिल्या रांगेत महिला मंडळ स्वतः उभे राहील, म्हणजे लाजेचा प्रश्न मिटेल.

मावशींच्या सुनेने ती चिठ्ठी आमच्याकडे दिली आहे. आम्ही ती जपून ठेवली आहे. मागच्या खोलीत पहिल्या पौर्णिमेला बसू तेव्हा ती सोबत असेल. येताना तुमच्या पेटीच्या तळाशी काय पडले आहे ते एकदा बघून या, आणि जे आहे ते आहे तसे सांगा.



जयभीम. नमो बुद्धाय.